हायासेला नकार

१

फुकुओका शहराच्या याकुइन भागात, मागल्या गल्लीत उडोनचं, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवयांचं, एक दुकान आहे. सकाळी तिथं गोबोच्या मुळांची भजी तळायला घेतली, की तेलाचा वास जिन्यानं वर चढतो आणि वरच्या मजल्यावर काम करणाऱ्यांना जेवणापर्यंत छळत राहतो. वरचा मजला निशिमुतांचा. ते गेम बनवतात. मारामारीचे नाहीत, प्रेमाचे. खेळणारी एखाद्या गावी जाते, तिथं तिला कुणी भेटतं, ती त्याच्याशी काय बोलते यावर पुढचं ठरतं. फुकुओकात काचेच्या मोठमोठ्या इमारतींत शेकडो माणसं बसून गेम करतात. निशिमुतांकडे मूठभर. पण यांचे गेम खेळताना माणसं रडतात असा लौकिक होता, आणि तो लौकिक तोमोए कुसाकाबेनं मिळवून दिलेला होता.

तोमोए लिहायची. चाळिशी ओलांडलेली, केस आखूड, आवाज खालचा, मत पक्कं. आल्या आल्या बूट काढायचे, सपाता घालायच्या, सातूचा गार चहा ओतून घ्यायचा आणि तपासणीच्या खोलीत डोकवायचं, हा तिचा रोजचा क्रम. खोली अरुंद, बिनखिडकीची. समोर पडदा, त्यापुढं एक खुर्ची, आणि मागं भिंतीला टेकून आणखी एक, लेखकानं बसून बघायची. पुढच्या खुर्चीत इतोका. एकच गेम पुन्हा पुन्हा खेळून त्यातल्या चुका काढायच्या, हे तिचं काम. पोरगी बडबडी, जिभेला हाड नाही.

या वेळच्या गेमचा नायक हायासे. गेन्काईच्या समुद्रातल्या एका बेटावर तो बोट चालवतो. खेळणारी तिथं वर्षभरासाठी शिक्षिका म्हणून जाते. वर्ष सरतं, ती निघते, आणि धक्क्यावर तो विचारतो, "थांबशील?" पडद्यावर दोन उत्तरं येतात. 'थांबते.' आणि 'नाही, जाते.' दुसरं निवडलं, तर हायासे एवढंच म्हणतो, "बरं." आणि दोर सोडतो.

त्या 'बरं'वर तोमोएचा जीव होता. हायासेला आवाज देणाऱ्या काजिवारांकडून तिनं तो शब्द इतक्यांदा म्हणवून घेतला, की बिचाऱ्यांचा घसा बसला. त्यात टोमणा नको होता, विनवणी नको होती, 'बघ मी किती सोसतोय' हे तर मुळीच नको होतं. माणसानं नकार ऐकला आणि बाजूला झाला, इतकंच हवं होतं.

"तोमोए-सान," त्या सकाळी इतोका मान न वळवता म्हणाली, "हा हायासे बघतो कुणाकडे?"

"तुझ्याकडे. आणखी कुणाकडे बघेल?"

"नाही ना. नीट बघा. माझ्या खांद्यावरून मागं बघतो."

तोमोए मागच्या खुर्चीत बसली होती. तिनं पडद्याकडे पाहिलं. धक्क्यावर उभा असलेला हायासे, रबरी बूट, भिजलेली बाही. त्याची नजर इतोकावर नव्हती हे खरं. तोमोएवरही नव्हती. दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेत कुठंतरी होती.

२

तोमोए तर्कानं चालणारी बाई. ती तडक उराताकडे गेली. उराता म्हणजे गेमचं सगळं यंत्र चालवणारा माणूस, लठ्ठ, आळशी आणि कामात वाघ. त्यानं मूळ चित्रं उघडली. हायासेचे डोळे सरळ समोर. त्याच्या टेबलावर गेम चालवला, तरी सरळ समोर.

"त्या खोलीतला पडदा तिरका असेल," उराता म्हणाला. "नाहीतर तुमची मान तिरकी असेल. वय झालं तुमचं."

"तुझ्या पोटापेक्षा माझी मान सरळ आहे."

पडदा तिरका नव्हता. तोमोएनं मागची खुर्ची उचलून बाहेर ठेवली, दिवा बदलला, दार उघडं ठेवून पाहिलं. नजर तिथंच. मग तिनं स्वतःला समजावलं, की रोज तेच चित्र बघून डोळे शिणतात. वाण्याच्या दुकानातली मांजर मिठाच्या पोत्यासारखी दिसावी, तसं होतं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा आत होती. भिंतीशी नव्हे, जरा पुढं.

"कुणी आणली ही?"

"मीच," इतोका म्हणाली. "उभं ठेवणं बरं नाही वाटलं."

"कुणाला?"

इतोका हसली. मग हसू अर्ध्यावर थांबलं आणि तिनं कपाळावरचे केस मागं सारले. "माहीत नाही हो. तोंडून निघून गेलं."

३

खरा बिघाड पुढच्या आठवड्यात झाला.

शेवटचा प्रसंग चालू होता. इतोकानं 'नाही, जाते' निवडलं. लाटांचा आवाज आला, दोर लाकडावर घासल्याचा आवाज आला, आणि 'बरं' आलंच नाही. लाटा चालू राहिल्या. तोमोएला वाटलं, यंत्र अडकलं. तेवढ्यात कुणीतरी नाकानं श्वास घेतल्याचा आवाज झाला आणि हायासे पुन्हा म्हणाला, "थांबशील?"

तीच दोन उत्तरं. इतोकानं पुन्हा नकार निवडला. पुन्हा लाटा. पुन्हा तोच प्रश्न, पण किंचित हळू, जणू तिला नीट ऐकू आलं नसावं.

तोमोएच्या मस्तकात तिडीक गेली. तिला वाटलं, हे निशिमुतांचं काम. नकाराचं उत्तर ठेवायला ते पहिल्यापासून राजी नव्हते. ती त्यांच्या खोलीत शिरली तेव्हा ते खिडकीतल्या झाडाला पाणी घालत होते. चांगला माणूस, साठीचा, बायकोला दुपारी फोन केल्याशिवाय न जेवणारा.

"निशिमुता-सान, माझ्या शेवटाला हात का लावलात?"

"मी? मला तर तो टीव्ही सुद्धा नीट लावता येत नाही."

"मग 'बरं' कुठं गेलं?"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाण्याचा डबा खाली ठेवला. "मी नाही काढलं. शपथ. पण खरं विचाराल, तर राहू द्या ना तसंच. दिवसभर राबून माणूस घरी येतं, रिकाम्या खोलीत दिवा लावतं आणि आपला गेम उघडतं. कशासाठी? कुणीतरी आपली वाट बघतंय, एवढ्यासाठी. तो पुन्हा विचारतो म्हणजे त्याला ती हवी आहे. यात वाईट काय?"

"वाट बघणं वेगळं आणि वाट अडवणं वेगळं."

"अहो, गेम आहे तो!"

"म्हणूनच. खऱ्या आयुष्यात नाही म्हटलेलं कुणी ऐकत नाही. निदान इथं तरी ऐकू दे. जिला 'नाही' म्हणता येत नाही, तिच्या 'हो'ला काय किंमत? प्रेमकथा लिहायला सांगता ना मला? मग दार उघडं ठेवूनच लिहीन. कडी लावून नाही."

निशिमुतांनी पाण्याचा डबा पुन्हा उचलला. त्यांना ठाऊक होतं, की ती नुसती गेमबद्दल बोलत नव्हती.

४

तोमोएचा नवरा तिला कधी मारत नसे, शिव्या देत नसे. ती वेगळी राहायला गेली, त्यानंतर तो रोज संध्याकाळी तिच्या दाराबाहेर जिन्यात येऊन उभा राहायचा. घंटा वाजवायचा नाही. दाराच्या भिंगातून त्याचा एक खांदा तेवढा दिसायचा. आत भाजी चिरताना तिला त्याचे बूट ऐकू यायचे. वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकताना होतो तेवढाच आवाज. पोलीस म्हणाले, "बाई, नुसता उभाच आहे ना?" शेवटी तिनं घर बदललं, गाव बदललं. आपण पळालो, ही गोष्ट तिच्या मनाला कायम लागून राहिली होती.

त्यामुळं उरातानं कानाला लावायला दिलेल्या ध्वनिफितीत ती फक्त शब्द ऐकत नव्हती. काजिवारांनी 'थांबशील?' जितक्यांदा म्हटलं होतं, ते सगळं तिनं ऐकलं. तो हळू म्हटलेला प्रश्न त्यात कुठंच नव्हता. 'बरं' मात्र जागच्या जागी होतं, स्वच्छ, सुंदर.

"मग तपासणीच्या खोलीत काय वाजतंय?" तिनं विचारलं.

"तेच वाजायला पाहिजे," उराता म्हणाला. या वेळी त्यानं विनोद केला नाही.

दोघं त्या खोलीत गेले. भर दुपार होती, खाली दुकानात गिऱ्हाइकांची वर्दळ, भांड्यांचा खणखणाट. उरातानं नकार निवडला. लाटा. श्वास. प्रश्न.

उरातानं चटकन मागं वळून पाहिलं. मग तो दोन्ही स्पीकरांजवळ कान नेऊन वाकला. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना होते, समोर. लाटा तेवढ्या तिथून येत होत्या.

"तोमोए-सान," तो म्हणाला, "मी जेवून येतो." खरं तर तो नुकताच जेवून आला होता.

५

इतोकाची आई काराट्सूहून, त्यांच्या गावाहून, तोमोएला फोन करायची. पोरगी घरी बोलत नाही, सुट्टीला येत नाही, लग्न ठरलेल्या मुलाचा फोन उचलत नाही, तुमच्याकडे काम फार आहे का हो? तोमोएनं तेव्हा कुठं इतोकाकडे नीट पाहिलं. गाल बसले होते. बडबड बंद झाली होती. सकाळी सगळ्यांच्या आधी ती येऊन बसलेली असायची, आणि तिच्या मागची खुर्ची रोज थोडी पुढं सरकलेली. आता ती इतोकाच्या खुर्चीच्या पाठीला टेकली होती.

पडद्यावर धक्का. इतोकानं 'थांबते' निवडलं. हायासे हसला. गेम संपला. तिनं तो पुन्हा सुरू केला.

"नकार का नाही तपासत?" तोमोएनं दारातून विचारलं.

"त्याला वाईट वाटतं."

"कुणाला? हायासे चित्र आहे. ते रंगवताना तू इथंच होतीस. त्याच्या नाकावरून तूच भांडलीस."

"तो रागावत नाही, तोमोए-सान. ओरडत नाही, काही नाही." इतोकाचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "फक्त उभा राहतो. मी हो म्हटलं की जरा वेळ बसतो."

तोमोएच्या पाठीतून थंडगार काहीतरी सरकलं. पण त्या भीतीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. जुनं, तापलेलं. इतोका खुर्चीच्या अगदी काठावर बसली होती. बसायच्या जागेतली मागची अर्धी जागा तिनं मोकळी सोडली होती. जिन्यातल्या त्या संध्याकाळी तोमोएसुद्धा स्वयंपाकघरात भिंतीला चिकटून अशीच अंग चोरून उभी राहायची. स्वतःच्याच घरात.

"ऊठ," ती म्हणाली. "खाली जाऊन उडोन खाऊ. माझ्यातर्फे."

इतोका अर्धवट उठली. मग मान किंचित मागं वळवून पुटपुटली, "विचारून येते."

तोमोएनं पुढं होऊन तिचं मनगट धरलं. मनगट ओलं होतं, आणि त्याला समुद्राचा वास होता. "कुणाला विचारायचं नाही," ती म्हणाली. "माझ्याबरोबर यायला तुला कुणाची परवानगी लागत नाही. चल."

इतोका रडायला लागली. तोमोएनं तिला ओढतच बाहेर आणलं आणि उराताच्या हवाली केलं. "हिला खाऊ घाल. मग गाडीनं थेट काराट्सूला, आईपाशी सोड. मध्ये कुठं थांबू नकोस."

"आणि तुम्ही?"

"मला काम आहे."

"तोमोए-सान, वेडेपणा करू नका. ती खोली बंद करू. कुलूप लावू."

"मी एकदा घर सोडलंय," तोमोए म्हणाली. "आता खोली सोडणार नाही."

६

तिनं दार सताड उघडं ठेवलं. बाहेर उन्हाचा चौकोन पडला होता. खालून मालकीणबाई कुणावर तरी ओरडत होत्या, की सोयाची बाटली उलटी कोण ठेवतं. तोमोए पुढच्या खुर्चीत बसली. काठावर नाही, पाठ टेकून, ऐसपैस.

तिनं गेम शेवटच्या प्रसंगापासून सुरू केला. धक्का, दोर, बोट. हायासेची नजर तिच्या खांद्यावरून मागं.

"थांबशील?"

'नाही, जाते.'

लाटा. श्वास. "थांबशील?"

'नाही, जाते.'

असं बराच वेळ चाललं. तिचं मन कारणं जुळवत होतं: जुनी फाईल, सैल झालेली तार, शेजारच्या इमारतीतला कुणाचा तरी टीव्ही. प्रत्येक कारण थोडा वेळ टिकायचं आणि प्रश्न आला की गळून पडायचं. कारण प्रत्येक वेळी तो अधिक जवळून येत होता, आणि प्रत्येक वेळी त्यात गोडवा वाढत होता. तोच गोडवा, ज्यानं ऐकणाऱ्याला आपणच निर्दय आहोत असं वाटायला लागतं. तोमोएलाही वाटलं. एक क्षण तिला खरोखर वाटलं, काय बिघडतं? एकदा हो म्हणावं. बसेल तरी बिचारा.

मग उत्तरं बदलली.

'थांबते.'

'थांबते.'

दोन्ही ओळी सारख्या. तिनं कंट्रोलर मांडीवरून उचलून जमिनीवर ठेवला आणि हाताची घडी घातली.

पडद्यावर संध्याकाळ उतरू लागली. समुद्र काळा झाला, आकाश काळं झालं, आणि काळ्या काचेत खोलीचं प्रतिबिंब दिसायला लागलं. तिचा स्वतःचा चेहरा. उघडं दार. उन्हाचा चौकोन. मागची खुर्ची, रिकामी. आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर, तिच्या डाव्या खांद्याशेजारी, चार बोटं. त्यांच्यावर भिजलेल्या बाहीची कड. बाहीच्या वर बघायच्या आधीच तिनं डोळे स्वतःच्या चेहऱ्यावर आणून रोवले. मागून वाकून कुणी दुसऱ्याचं लिहिलेलं वाचावं, तसं काहीतरी तिथं वाकलं होतं. खुर्चीची पाठ हळूच, अगदी हळूच, मागं झुकली.

"थांबशील?"

हे कानातच होतं.

"नाही," तोमोए मोठ्यानं म्हणाली.

श्वास.

"ऐकू आलंय तुला. नाही. तू कितीही हळू विचार, कितीही गोड विचार. तू उभा राहिलास म्हणून मी तुझं काही देणं लागत नाही. तुझ्या पायात कळ आली तर ती तुझी. मी तुला बोलावलं नव्हतं. आणि मी रंगवला, लिहिला तो माणूस तू नाहीस. त्याला 'नाही' समजतं."

खालची भांडी वाजायची थांबली होती, की तिला ऐकू येत नव्हती, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. खुर्ची तशीच झुकलेली. बोटं तशीच. पाय जमिनीवर टेकवून ती उठू लागली. उठताना खुर्ची मागं ढकलायला लागते. तिनं ढकलली. खुर्ची हलली नाही. मागं कुणीतरी घट्ट उभं होतं.

तोमोएनं दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवले आणि सगळ्या अंगाचा भार टाकून पुन्हा ढकलली.

या वेळी वाट मिळाली.

ती दाराबाहेर गेली. धावली नाही. मागं बघितलं नाही.

७

इतोका काराट्सूत आईपाशी राहिली. दोन वेळा जेवायला लागली, फोनवर पुन्हा तोंड चालवू लागली. लग्न ठरलेल्या मुलाला तिनं आधी काही आठवडे थांबवलं आणि मग नाही म्हणून सांगितलं. मुलगा रडला, आणि गेला. "एवढं सोपं असतं?" तिनं तोमोएला विचारलं. "असायला पाहिजे," तोमोए म्हणाली.

निशिमुतांना तोमोएनं सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की शेवट नव्यानं लिहिते. आता धक्क्यावर कुणी काही विचारणारच नाही. वल्हं त्या शिक्षिका बाईच्या हाती असेल. तिला वाटलं तर ती बेटावर राहील, वाटलं तर दोर स्वतः सोडेल.

"खेळणाऱ्या चिडतील," निशिमुता म्हणाले. "प्रेमाच्या गेममध्ये कुणी विचारतच नाही?"

"चिडू देत. चिडणं ही पण भावनाच आहे."

त्यांनी खिडकीतल्या झाडाचं एक वाळकं पान खुडलं. खुडता खुडता म्हणाले, "आमच्या हिला मी लग्नाचं तीनदा विचारलं होतं हो." आणि मग, स्वतःशीच, "तिसऱ्यांदा का हो म्हणाली, हे कधी विचारलं नाही." त्या दिवशी त्यांनी बायकोला फोन केला तो जरा लांबला.

उराता रोज तोमोएला विनवायचा, की माझ्या टेबलावर बसा, खिडकीपाशी बसा, खाली दुकानात बसा, पण त्या खोलीत नको. निदान खुर्ची भिंतीला लावून, पाठ सुरक्षित ठेवून तरी बसा.

तोमोएनं ऐकलं नाही. ती सकाळी येऊन त्याच खोलीत बसते. पाठीमागं मोकळी जागा ठेवून. एखाद्या दिवशी काहीच नसतं, नुसता भज्यांचा वास. एखाद्या दिवशी लिहिता लिहिता मानेवरचे केस उभे राहतात, आणि मागं कुणी वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकतं. मग तोमोए कीबोर्डवरची आपली बोटं अधिक जोरात चालवते.

काल ती शेवटच्या पानावर पोहोचली. ऊन चढलं होतं. मागचा श्वास सकाळपासून तिच्या बरोबरीनं चालला होता, ओळीमागून ओळ.

तिनं लिहिलं: बाईनं दोर सोडला.

त्या ओळीपाशी श्वास थांबला. वाचणारा मध्येच थांबतो, तसा.

तोमोएनं पुढची ओळ लिहायला घेतली.